लाकडाची अंडी

४ फेब्रुवारी

ठकूस,

आशीर्वाद-बिशीर्वाद शेवटी, तोवर राग उतरला तर. आधी भांडण.

भर सभेत उभं राहून सख्ख्या बहिणीच्या जनावरांना चोर म्हणायला तुला काहीच कसं वाटलं नाही गं? "ताईचे थैलीवाले बेटावर सोडलेत तर माझ्या पाखरांचं एक अंडं शिल्लक राहणार नाही." हे वाक्य माझ्या कानातून जात नाही. भांडी घासतानासुद्धा ऐकू येतं. त्या सभेत बसलेल्या निम्म्या लोकांना थैलीवाला म्हणजे काय हेच धड माहीत नव्हतं. चहाच्या वेळी एकाने मला विचारलं, "म्हणजे कांगारूच ना?" मी म्हटलं, हो, आणि मांजर म्हणजे वाघच. सशाएवढं माझं जनावर, मुळं आणि अळंब्या उकरून खाणारं, पोटाला पिशवी आहे एवढाच काय तो त्याचा गुन्हा. तू त्याला पार दरोडेखोर करून टाकलंस.

समितीच्या अध्यक्षांच्या कल्पनेत वाईट काय होतं, सांग. बेट एक, त्यावर ना कोल्हा ना मांजर. तुझी भुईपाखरं उडत नाहीत, जमिनीवर अंडी घालतात, म्हणून कोल्ह्यांनी संपवत आणली. माझे थैलीवाले पळतात, पण कोल्ह्याइतके नाही, म्हणून तेही संपत आले. दोघांचा वैरी एक, मग दोघांना घर एक. "एका दगडात दोन पक्षी," असं अध्यक्ष म्हणाले आणि पाखरं वाचवायच्या सभेत ही म्हण बरी दिसत नाही हे त्यांच्या गावीही नव्हतं. तू हसली नाहीस. मीही नाही. एरवी अशा वेळी आपण एकमेकींकडे नुसतं बघितलं असतं तरी दोघींना बाहेर जावं लागलं असतं.

आणि वर म्हणालीस की कोल्हा मागे लागला की हे जनावर पिशवीतलं पिल्लू टाकून स्वतः पळतं. टाकतं. नाही कोण म्हणतंय? आई वाचली तर पुन्हा पिल्लू होईल, हे त्याचं शहाणपण. तुझं पाखरू सावली पडली तरी अंडं सोडून पळतं, ते कुठल्या वात्सल्यात बसतं? आपला तो बाळ्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं.

मग मी जे बोलले ते बोलले. "आई गेली तेव्हाही तू अंडीच उबवत बसली होतीस" हे चारचौघांत बोलायला नको होतं, असं बाबांचं म्हणणं आहे. बाबांचं म्हणणं तुला कळवलं, एवढंच.

फोन उचलत नाहीस म्हणून हे कागदावर. पाठवणार नाहीये.

ताई


१७ फेब्रुवारी

ठकू,

मागचं पत्र तुला पोचलं म्हणे. मी ते टेबलावर ठेवलं होतं. तुझ्यासाठी कातलेली लाकडी अंडी भरताना बाबांनी सरळ त्या खोक्यात टाकलं. विचारलं तर म्हणतात, "तुझंच अक्षर होतं, तिचंच नाव होतं, मी काय करायला हवं होतं?" या वयात त्यांना काय बोलायचं! सकाळभर कातणीयंत्रावर तुझी अंडी, दुपारभर रंध्याने माझ्या जनावरांची झोपायची खोकी. मध्ये जेवायला येतात ते भुशाने पांढरे होऊन. दोघींच्या भांडणात कोणाची बाजू घेता विचारलं की ऐकू न आल्यासारखं करतात.

तर आता पाठवायचंच आहे, म्हणून नीट लिहिते.

समितीने मलाही तुलनेचा तक्ता भरायला दिलाय, तुला दिला असेल तोच. डावीकडे थैलीवाला, उजवीकडे भुईपाखरू, खाली प्रश्न. वर्षाला पिल्लं किती, जगतात किती, वाढवायला माणसं किती. एका प्रश्नात विचारलंय, "जनतेत आकर्षण कोणाचे अधिक?" मी लिहिलं, दोघांचंही नाही, दोन्ही मातकट आहेत. खोडून पुन्हा सभ्य भाषेत लिहिलं.

तो भरताना मात्र माझं डोकं भलतीकडेच गेलं. माझं पिल्लू जन्मतं ते शेंगदाण्याएवढं, आंधळं, आणि तसंच आईच्या केसांतून चढत पिशवीत जातं. आई मेली तर मी त्याला कापडी पिशवीत घालते आणि पोटाशी बांधून फिरते, भाजी घ्यायलासुद्धा. भाजीवाली विचारते, "आज कोण आहे आत?" त्याला माणसाची ऊब लागते, छातीची धडधड लागते, माझी बडबडही चालते. आणि तुझं पिल्लू! त्याच्यासमोर तू तोंडावर जाळी ओढणार, हातात पाखराच्या डोक्याचा मोजा घालून त्या चोचीने भरवणार, आणि एक शब्द बोलणार नाहीस. माणसाचा आवाज ओळखीचा झाला तर उद्या ते माणसांच्याच मागे धावायचं. एकाच घरच्या दोघी, एकीने चोवीस तास उराशी धरायचं आणि दुसरीने तोंडसुद्धा दाखवायचं नाही.

बाबांना हे वाचून दाखवलं. म्हणाले, "उलटं झालं नाही ते बरं. गप्प बसायच्या नोकरीत तू आठवडा काढला नसतास."

पुढच्या आठवड्यात चाचणी आहे. माझ्या वाड्यात, म्हणजे कुंपणातल्या मोकळ्या आवारात, जमिनीवर अंडी ठेवायची आणि जनावरं काय करतात ते समितीने बघायचं. बाबांची लाकडी अंडीच वापरणार. तुझी पाखरं त्यांवर महिनाभर फसून बसतात आणि खरी तू उबवणपेटीत नेतेस, तेव्हा नकलेत खोट नाही हे तूच सिद्ध केलंयस. मग कळेल चोर कोण ते.

हंगाम संपला की ही जागा खाली करायची आहे, हे तुला माहीत आहे. बेट मिळालं नाही तर माझी जनावरं दोन-दोन, तीन-तीन करून प्राणिसंग्रहालयांत वाटतील, काचेमागे. त्यांची वीण थांबेल. मग तक्त्यातला डावीकडचा रकाना रिकामाच ठेवायचा.

ताई


१ मार्च

ठकूबाई,

जिंकले!

समिती दोन्ही संध्याकाळी बसून होती. वाड्यात चार ठिकाणी गवताची घरटी केली, त्यांत बाबांची अंडी ठेवली. नर आले, थबकले, बाजूने निघून गेले. बाकीच्या माद्यांनी तर वळूनही बघितलं नाही. उचापती नावाची माझी मादी तुला ठाऊक आहेच, मागे आलीस तेव्हा तुझ्या पिशवीतून रुमाल ओढून नेला होता तिने. आता तिच्या पोटावरच्या पिशवीत पिल्लू आहे, तरी खोड जात नाही. झाडूच्या दांड्यापासून अध्यक्षांच्या बुटापर्यंत जगातल्या प्रत्येक वस्तूला नाक लावल्याशिवाय तिचं जेवण जिरत नाही. ती घरट्यापाशी गेली, नाक फेंदारलं, शिंकली आणि सरळ पाठ फिरवली. अध्यक्ष टाळ्या वाजवणार होते, मी हात धरला.

म्हणाले, "ताई, झालंच समजा. याच महिन्यात सहीचा कागद पाठवतो. चाचणी तुमच्या देखरेखीखाली झाली, असं लिहून सही केलीत की दोन्ही मंडळी एकाच बोटीने बेटावर." पुन्हा दगड आणि पक्षी म्हणाले. या वेळी मी हसले.

तू आता सभेत माफी माग असं मी म्हणत नाही. पत्रात मागितलीस तरी चालेल. दोन ओळी पुरे.

ताई


९ मार्च

ठकू,

तुझं कार्ड आलं. "अभिनंदन. पाखरं बसली आहेत." एवढंच. यापेक्षा शिव्या दिल्या असत्यास तर बरं वाटलं असतं.

माझं कशात लक्ष लागत नाहीये. चहा ठेवते आणि विसरते. काल पाणी भरायला वाड्यात गेले ती बादली न भरताच परत आले. बाबा म्हणाले, "जिंकलेली माणसं अशी दिसतात होय?"

एक विचारू? तुझ्या पाखरांना वास कितपत येतो? म्हणजे घरट्यात काही वेगळ्या वासाचं ठेवलं तर त्यांना कळतं का? सहज विचारते आहे. तक्त्यात नाक-कान-डोळे असा एक प्रश्न होता, तो मी घाईत भरला.

आणि दुसरं. तुझ्याकडे एखादं वाया गेलेलं अंडं असतं ना, उबवणपेटीतून काढलेलं, ज्यात जीव धरलेला नसतो? तसं एक मला पाठवशील? खरं. बाबांचं नको.

कशाला ते आता विचारू नकोस.

ताई


२१ मार्च

ठकू,

अंडं सुखरूप आलं. लोकरीत गुंडाळलेलं, त्यावर तुझी चिठ्ठी: "यात जीव नव्हता. कशाला हवंय ते विचारत नाही." हे वाचून मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडले. सांगून टाकते, नाहीतर पुढचं लिहिता यायचं नाही.

झालं असं. चाचणीनंतर दोन-तीन दिवसांनी बाबांनी एक खोकं दुरुस्त केलं आणि वार्निश मारून दिलं. मी ते वाड्यात ठेवलं. रात्री झोपायला एकही जनावर त्यात गेलं नाही. उचापती दाराशी गेली, नाक फेंदारलं, शिंकली आणि पाठ फिरवली. तशीच. अगदी तश्शीच. मी धावत घरात आले. लाकडी अंड्यांची पेटी उघडली, एक हातात घेतलं, हुंगलं. तोच वास.

तुझं पाखरू डोळ्याने जगतं. आकार बरोबर, रंग बरोबर, ठिपके बरोबर, की बसलं. वार्निशचं त्याला काय! माझं जनावर नाकाने जगतं. त्याच्यापुढे आम्ही अंडं ठेवलंच नव्हतं, ठेवला होता वार्निशचा गोळा. तुझ्यामाझ्या कामातला एवढा एकच फरक लक्षात ठेवायचा होता, आणि तक्ता भरणारी मीच तो विसरले. समितीला कुठून कळणार? अध्यक्षांसकट सगळ्यांना सर्दी झाली होती.

बाबांना सांगितलं तर आधी चिडले. "माझ्या वार्निशला नावं ठेवायची नाहीत. पंचवीस वर्षांत कुणाची तक्रार नाही." मग बराच वेळ भुसा झाडत राहिले आणि म्हणाले, "मग आता खऱ्या अंड्याने बघ." मी म्हटलं, बघितलं आणि खाल्लं तर? म्हणाले, "तर कळेल." बाबांशी बोलायची सोय नाही.

परवा संध्याकाळी बघितलं. वाड्यात मी एकटीच, उलट्या बादलीवर बसलेली. मुद्दामच कोणाला बोलावलं नव्हतं, हे तुला कळतंय ना? तुझं अंडं गवतात ठेवलं. पहिला नर आला, हुंगून गेला. दुसरा आला, पायाने जरा ढकललं, गेला. एक मादी तर त्याच्यावरून उडी मारून गेली. देवाशप्पथ सांगते, माझ्या छातीवरचा धोंडा उतरायला लागला होता. मनात तुला पत्रही लिहायला घेतलं होतं.

मग उचापती आली. या वेळी शिंकली नाही. नाक लावलं, एक चक्कर मारली, पुन्हा नाक लावलं. पुढच्या दोन पंजांत अंडं धरलं, उचललं, आणि पाण्याच्या दगडी कुंडीवर आपटलं. एकदा. दुसऱ्यांदा करायची गरज पडली नाही.

मी ओरडले नाही, ठकू. तिने ते मन लावून चाटलं, कवचसुद्धा कुरतडलं. अंगावर पाजणारी आई, तिला चुना हवा असणार, तिचा काय दोष? पण पिशवीतून तिच्या पिल्लाने डोकं बाहेर काढलं आणि आईचं तोंड चाटायला लागलं. मिटक्या मारत. दुसऱ्या माद्या कुंपणापाशी थांबून हुंगत होत्या. ही मंडळी एकमेकांचं बघून शिकतात, हे मीच तक्त्यात लिहिलंय, "बुद्धिमान" म्हणून कौतुकाने. बेटावर ही एकच गेली तरी पुरे.

तू म्हणाली होतीस ते खरं होतं.

अध्यक्षांचा कागद कालच आलाय. झाकली मूठ सव्वा लाखाची. वाड्यात मी, उचापती आणि ते पिल्लू यांच्याशिवाय कोणी नव्हतं. मी सही केली तर माझ्या जनावरांना मोकळं आकाश मिळतं. खणायला माती, लपायला झुडपं, पिल्लांना पिल्लं. नाही केली तर काच. आठ वर्षं, ठकू. यातलं निम्मं गोकुळ मी पोटाशी बांधून वाढवलंय. उचापती त्यातलीच. ती रस्त्यावर मेलेल्या आईच्या पिशवीत सापडली होती, माझ्या अंगठ्याएवढी. तिच्या विरुद्ध मी साक्ष द्यायची?

हे पत्र तुला का लिहिते आहे ते मला कळत नाही. तू सांगशील ते करीन असं समजू नकोस. तुझ्यावर टाकायचंही नाहीये. बसवत नाही म्हणून लिहिते. अंगणातून आत, आतून अंगणात, बाबा वैतागले.

ताई


२४ मार्च

ठकू,

मागचं पत्र अजून तुझ्या हातात पडलं नसेल, तोवर हे निघतंय. दोन्ही एकदमच मिळतील.

सही केली नाही. चाचणी खोटी ठरते असं लिहिलं, वार्निशचं लिहिलं, उचापतीचं लिहिलं. तिचं नाव नाही लिहिलं, "एका मादीने" असं लिहिलं. एकत्र सोडू नये, बेट पाखरांना द्यावं, असंही लिहिलं. टपालात टाकून आले.

अध्यक्षांचा फोन आला. "ताई, हे हात दाखवून अवलक्षण झालं. कोणी विचारलं होतं तुम्हाला?" मी म्हटलं, कोणीच नाही. म्हणाले, "एका मादीने एकदा खाल्लं, त्याचं एवढं काय?" मी म्हटलं, साहेब, माझ्या बहिणीच्या पाखराचं वर्षाला अंडंच एक. त्यांनी फोन ठेवला.

तुझी जीत झाली म्हणून पेढे-बिढे काही पाठवू नकोस, खरंच सांगते, फेकून देईन. मला राग आलाय. तुझ्यावर नाही. कोणावर ते सापडत नाहीये, म्हणून जास्तच आलाय. कोल्ह्यांवर म्हणावं तर तेही पोटासाठीच करतात.

आणि आईचं मी बोलायला नको होतं. हे बाबांचं म्हणणं नाही, माझं आहे. शेवटच्या दिवशी तिनेच विचारलं होतं, "ठकूची पिल्लं निघाली का?" मी म्हटलं, निघाली. निघाली नव्हती, पण ती हसली. हे तुला तेव्हाच सांगायला हवं होतं.

आता एक मागणं. बेटावर पहिलं पिल्लू निघेल तेव्हा मला अहवाल पाठवू नकोस. तिथल्या खोलीत फोन आहे ना? तो लाव आणि नुसता त्याच्यापाशी धर. तुला त्याच्यासमोर बोलता येणार नाही, ठाऊक आहे. मीही बोलणार नाही. तोंडात मिठाची गुळणी धरीन. विश्वास बसत नसेल तर बाबांना शेजारी बसवीन.

आशीर्वाद. घे, लिहिला.

ताई


३० ऑगस्ट

ठकू,

आज दुपारी मी काय केलं ते तुला माहीत आहे. तरी इकडची बाजू लिहिते.

वाडा रिकामा होऊन महिना झाला. शेवटच्या खोक्यात उचापती गेली. पिल्लू आता पिशवीत मावत नाही, तरी डोकं आत खुपसून मागचे पाय बाहेर, असं घेऊन गेली. खोकं बाबांचंच, वार्निश न लावलेलं. गाडीत ठेवताना मी जाळीतून बोट आत घातलं, तिने हुंगलं, आणि गवताची काडी दिल्यासारखं दातांत धरून सोडलं. ती जिथे गेली तिथले लोक बरे आहेत. काच आहे. मी अजून गेलेले नाही. जाईन.

दाराच्या खिळ्याला कापडी पिशव्या तशाच टांगलेल्या आहेत. बाबा म्हणतात, धुऊन ठेव. ठेवीन.

फोन वाजला तेव्हा मी भाजी निवडत होते. उचलला, आणि हॅलो म्हणणार तेवढ्यात तो आवाज आला. एवढासा. चिरका, रागावलेला, जगात आल्याबद्दल तक्रार करणारा. मी ओठ दाबून धरले. थोड्या वेळाने त्याच्यामागे तुझा श्वास ऐकू यायला लागला. तू रडत होतीस की पळत आली होतीस, ते विचारता येईना. मी इकडे भाजीचं देठ हातात धरून उभी. किती वेळ गेला कोण जाणे, तू ठेवला नाहीस, मीही ठेवला नाही.

शेवटी बाबा कातणीयंत्र बंद करून आत आले.

"कोणाचा फोन?"

मी हाताने थांबा म्हटलं. पाखरू ओरडायचं थांबलं, तू फोन ठेवलास, मग सांगितलं, ठकूचा.

"काय म्हणाली?"

"काही नाही."

"आणि तू?"

"काही नाही."

बाबांनी माझ्याकडे बघितलं, भुशाचा हात पंच्याला पुसला आणि म्हणाले, "मग एवढा वेळ काय बोलत होतात?"

ताई